'सावकाश होऊ द्या' म्हणजे 'हळू जेवा' का?

लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतात. ते हळू जेवायला सांगतात का, आणि तसं असेल तर सरळ 'हळू जेवा' का म्हणत नाहीत, असं तुम्ही विचारलंय.

यजमान वेगाबद्दल बोलतच नाहीत. 'होऊ द्या'मधल्या 'होऊ'चा कर्ता 'जेवण' आहे, तो अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत, राहतो. 'सावकाश' म्हणजे स + अवकाश, अवकाशासहित. सानंद, सादर हे शब्द याच घडणीचे. अवकाश म्हणजे मोकळी जागा आणि मोकळा वेळही. अवकाशयानातला अवकाश आणि 'गाडीला अजून अवकाश आहे' यातला अवकाश एकच. 'मी हाक मारायचा अवकाश, की पोरगं हजर!' हा तर माझा फार लाडका प्रयोग. दोन घटनांमध्ये एका हाकेएवढीच फट! हिंदीत हाच शब्द रजेकडे गेला, तिथंही मोकळा वेळच आहे. तेव्हा यजमान म्हणतात ते एवढंच: वेळ आहे, पुढची पंगत खोळंबलेली नाही, हवं ते मागून घ्या.

'हळू' वेगळ्या घरातला. तो संस्कृत 'लघु'पासून प्राकृतातून आला, 'हलका'चा सख्खा भाऊ. म्हणून त्यात भार कमी करणं आहे. 'हळू बोल, बाळ झोपलंय' इथं आवाज हलका हवा, 'सावकाश बोल' म्हटलं तर बाळ उठेलच. 'बरणी हळू ठेव' म्हणजे आपटू नको. उलट 'पैसे सावकाश द्या' म्हणजे तुमच्या सोयीनं, आज-उद्या नाही जमलं तरी चालेल. 'पैसे हळू द्या' असं कुणी म्हणत नाही. 'ती हकिगत सावकाश सांगेन' म्हणजे संथपणे नव्हे, निवांत भेटू तेव्हा.

दोन्ही शब्द वेगाच्या अर्थानं एकमेकांच्या जागी येतात, 'गाडी हळू चालव' आणि 'सावकाश चालव', तिथंच घोटाळा होतो. पण माझ्या कानाला तिथंही फरक जाणवतो. 'हळू' ही बहुधा सूचना असते, पुढं खड्डा असेल. रात्री निघालेल्या माणसाला आई दारातून 'सावकाश जा रे' म्हणते, तेव्हा ती त्याला पोचायला हवा तेवढा वेळ देऊन टाकते. कोकणीतला 'सवकास' याच शब्दाचा भाऊ.

पंगतीतला आणखी एक वापर आता कमी ऐकू येतो. आमच्या आजोळी ज्याचं जेवण आधी आटपे, तो हात धुवायला उठण्यापूर्वी शेजारच्यांना म्हणे, 'तुमचं सावकाश होऊ द्या.' माझं झालं म्हणून तुम्ही घाई करू नका, हा त्याचा अर्थ. टेबलावर जेवतानाही तो तितकाच शोभतो, जरूर वापरा.