स्पाउस स्पॉन्सरशिपची फाईल चालू असताना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा मागितला तर फाईल बिघडते का?

तुम्ही बडोद्याहून विचारलंय की नवरा कॅनडात पीआर (म्हणजे कायमचा रहिवासी) आहे, तुम्हालाही पीआर मिळावी म्हणून त्याने टाकलेली स्पॉन्सरशिपची फाईल जाऊन सात महिने झालेत, आणि मध्येच महिनाभर भेटून यायला व्हिजिटर व्हिसा टाकला तर मूळ फाईलला धक्का लागेल का. शिवाय तुमचा एजंट म्हणतो, स्पॉन्सरशिपचं नावच काढू नका.

धक्का लागत नाही. आणि एजंटचं ऐकू नका. मी ऐकलं होतं.

मीही बडोद्याचीच. सासर दांडिया बाजारात, नोकरी एका गुजराती माध्यमाच्या शाळेत, गणित शिकवते. नवरा एडमंटनला. फाईल टाकल्यावर वर्षभर नुसतं फोनवर दिसायचं हे काही जमेना, म्हणून अलकापुरीतल्या एका एजंटकडे गेले. तो म्हणाला, ''बेन, ए बधुं लखवानी जरूर नथी. टुरिस्ट लखो.'' त्याने अर्जासोबतच्या पत्रात लिहिलं की मला नायगारा बघायचाय. एडमंटन कुठे, नायगारा कुठे! मध्ये दोन अख्खे प्रांत आहेत. सही करताना फॉर्ममधला एक प्रश्न मात्र माझ्या नजरेला पडला: यापूर्वी कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी कधी अर्ज केला आहे का? त्याने 'नाही' केलं होतं. मी हट्टाने 'हो' करायला लावलं. तिथे 'नाही' राहिलं असतं तर प्रकरण खोटी माहिती दिल्याचं झालं असतं, आणि त्याला पाच वर्षांची बंदी आहे. ती बंदी पीआरच्या फाईललाही लागते. फाईल खरी बिघडते ती अशाने.

व्हिसा अर्थातच नाकारला. पत्रात ठरलेली वाक्यं होती: मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री वाटत नाही, कारण कॅनडातले कौटुंबिक संबंध आणि भेटीचा उद्देश. त्यावरून काहीच कळत नाही. मग नवऱ्याने पाच डॉलर भरून माझ्या अर्जाच्या जीसीएमएस नोट्स, म्हणजे अधिकाऱ्याने खात्याच्या संगणकात केलेल्या नोंदी, मागवल्या. त्या नवऱ्याने मागवायच्या तर तुमची लेखी संमती लागते. नोट्समध्ये अधिकाऱ्याने लिहिलं होतं की पतीने स्पॉन्सर केलेली पीआरची फाईल प्रलंबित आहे, अर्जदाराच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, पर्यटनाचा उद्देश पटत नाही. म्हणजे आम्ही जे झाकत होतो ते त्याच्या स्क्रीनवर आधीपासून होतं. दोन्ही फायली एकाच खात्याच्या, दुसरं काय होणार!

ही 'लपवा' पद्धत आली कुठून, तर माझ्या मते अमेरिकेहून. तिथला कायदा टुरिस्ट व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला कायम राहायलाच आलेला धरून चालतो, आणि तसं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. तिथे नवऱ्याची पिटिशन (तिथली स्पॉन्सरशिपच) चालू असली की बायकोला व्हिजिटर व्हिसा मिळणं खरंच कठीण. आपल्याकडचे एजंट दोन्ही देशांना एकाच तराजूत तोलतात. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात कलम २२ चं उपकलम २ आहे: कायमचं राहण्याचा इरादा असला तरी तात्पुरतं येण्याला त्याची आडकाठी नाही, फक्त मुदत संपल्यावर माणूस परत जाईल हे अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. याला 'ड्युअल इंटेंट' म्हणतात. मे २०२३ मध्ये तर तिथल्या इमिग्रेशन खात्याने जाहीरच केलं की स्पॉन्सरशिप चालू असलेल्या नवरा-बायकोंचे व्हिजिटर व्हिसाचे अर्ज लवकर निकाली काढू. जे खातं स्वतःहून असं म्हणतं त्याच्यापासून काय लपवायचं?

दुसऱ्या वेळी पत्र मी स्वतः लिहिलं, दीड पान. पहिल्याच ओळीत फाईल नंबर आणि 'पतीने स्पॉन्सर केलं आहे, निर्णय बाकी आहे'. मग मला नेमकं कधी जायचंय ते: गुजरातच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी ३५ दिवस असते, तेवढेच दिवस मागितले, एकही जास्त नाही. मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र, त्यात शाळा उघडण्याची तारीख आणि त्या दिवशी मी हजर होणार हे. सासूबाई इथे माझ्याबरोबर राहतात, त्याचे कागद. आणि एक परिच्छेद, ज्याने काम केलं असं मला वाटतं: 'पीआरला उशीर झाला किंवा ती नाकारली गेली तरी मी ३५ दिवसांनी परतणार आहे, कारण मुदतीपेक्षा जास्त राहिले तर माझीच फाईल धोक्यात येते.' नुसतं 'मी परत येईन' लिहून भागत नाही, फाईल नाकारली गेली तर काय कराल हे त्यांना वाचायचं असतं.

नवऱ्याकडून आमंत्रणाचं पत्र, नोकरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, कराची नोटीस ऑफ असेसमेंट, घराचा भाडेकरार, पीआर कार्डाची प्रत. माझं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जसं होतं तसं दिलं. कोणीतरी सांगेल की आधी दोन-तीन लाख टाकून घ्या. अचानक आलेली रक्कम उलट डोळ्यांत खुपते. गुजरातीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. माझ्या काकांना चार भाषा येतात, पण नातेवाइकाचं भाषांतर चालत नाही, म्हणून दिवाळीपुऱ्याच्या कोर्टाजवळ नोटरीकडे दोन खेपा झाल्या.

फी १०० डॉलर. बायोमेट्रिक्सचे ८५ मात्र वाचले: पीआरच्या फाईलसाठी अहमदाबादला बोटांचे ठसे दिले होते आणि ती फाईल अजून प्रलंबित होती, त्यामुळे पुन्हा द्यावे लागले नाहीत. तुमचे दिले असतील तर तुम्हालाही लागणार नाहीत. आधीचा नकार झाला असेल तर तोही लिहा. मी लिहिला, आणि पहिल्या अर्जात काय चुकलं तेही दोन ओळींत सांगितलं. तिकीट मात्र व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, फाईल चालू आहे ना? हो म्हटलं. परत कधी? तारीख सांगितली, रजेचं पत्र पुढे केलं. त्याने ते पाहिलंही नाही. साधारणपणे तिथे सहा महिने राहता येतं; मी जूनमध्ये शाळा उघडायच्या दोन दिवस आधी घरी होते.

तुमच्या नवऱ्याला एक सांगा: तो पीआर आहे, नागरिक नाही, त्यामुळे फाईल चालू असेपर्यंत त्याचा मुक्काम कॅनडातच हवा. तुम्ही जाऊन याल ते बरं, त्याने इथे येऊन चार-सहा महिने राहायला नको. आणि एओआर, म्हणजे स्पॉन्सरशिपची फाईल मिळाल्याची खात्याची पोच, आली असेल तर तिची प्रत पत्राला लावा. अजून नसेल आली तर फी भरल्याची पावती लावा.