निवड, निवडणूक आणि निवडून येणं

प्रश्न आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या एका मुलीचा. पुण्याहून आलेल्या आत्यासमोर ती म्हणाली, "आमचे काका यंदा पार्षदाचा चुनाव लढताहेत." आत्यानं लगेच दुरुस्त केलं, "नगरसेवकपदाची निवडणूक लढवताहेत म्हण." तर मुलीचं म्हणणं, 'लढवणे' कशाला? आणि समोर कुणी उभंच नसेल, तर काका 'निवडून आले' असं म्हणायचं का?

पहिलं चटकन आटपतो. मराठीत किल्ला लढवतात, शक्कल लढवतात, तशीच निवडणूक लढवतात. 'निवडणूक लढतो' हे आपल्या इंदुरी तोंडी हिंदीवरून आलं. आता ते महाराष्ट्रातल्या बातम्यांतही कानावर पडतं, तेव्हा आत्यानं फार ताणू नये.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. 'निवडणे' मला पहिल्यांदा भेटलं ते ताटात. दुपारी आई तांदूळ पसरून बसायची. बोटानं दाणे अलीकडे ओढायची, खडा दिसला की पलीकडे. तिच्या तोंडी 'तांदूळ निवडणं' होतं आणि 'खडे निवडून काढणं'ही. (आमची सून तेच तांदूळ 'बीनते'.) ठेवायचं काय आणि टाकायचं काय, दोन्ही या एका क्रियापदात बसतं.

त्याला '-णूक' लागली की निवडणूक, जशी नेमणूक, मिरवणूक. फसवणूकही याच घराण्यातली, पण तो व्याकरणाचा योगायोग समजा. साडीची निवड होते, निवडणूक होत नाही. निवड एकटा माणूसही करतो. निवडणुकीला मतं लागतात. म्हणूनच 'अध्यक्षपदी बिनविरोध निवड' असं छापून येतं.

२०२४च्या लोकसभेला सुरतेत एकच उमेदवार उरला. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३प्रमाणे, जागा तेवढेच उमेदवार उरले तर मतदान न घेताच ते निवडून आल्याचं जाहीर होतं. कायद्याला हे चालतं. माझा कान मात्र अडखळतो, कारण मराठीत कुणी 'निवडून आला' म्हटलं की 'निवडून दिला' कुणी, हे ओघानं येतंच. ताटात दाणाच एक असेल तर निवडलं काय? मी 'बिनविरोध आला' एवढंच म्हणेन.

त्याच निवडणुकीत आपल्या इंदुरात काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला, पण बाकीचे उमेदवार होते, म्हणून १३ मे रोजी मतदान झालं. 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली. त्यांनी निकाल बदलत नाही. नोटाची मतं कितीही असोत, उमेदवारांत ज्याची मतं जास्त तोच विजयी. 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बोलायला लांबलचक, त्यामुळे नोटाच रुळला. फक्त लिंगवचन सांभाळा: हा 'नोटा दाबला', पैशाच्या 'नोटा दिल्या'. शेजारच्या आजी शाई लावलेलं बोट नाचवत घरी आल्या आणि म्हणाल्या, "मी तर बाई नोटा देऊन आले." अख्खं घर दचकलं, "कुणाला?"