सोलापूरबाहेर कधी राहिले नाही, आता जूनपासून सहा महिने टोकियोत इंटर्नशिप आहे. पहिले काही आठवडे कसे जातात?

थर्ड इयरला आहेस म्हणतेस, म्हणून सरळ अगंतुगं करते. मीही सोलापूरचीच, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करताना टोकियोला इंटर्न म्हणून गेले होते. गर्दी, भाषा आणि शाकाहारी जेवण, अशी तीन गोष्टींची धास्ती तू लिहिली आहेस. मला विचारशील तर गर्दीची चिंता सोड. जपायचं ते ऑफिसात गप्प बसून राहण्यापासून.

आपल्याला कॉलेजात सवय लागते की प्रोजेक्ट पुरा झाल्याशिवाय सरांना दाखवायचा नाही. तिकडे उलटं आहे. काम अर्धवट असतानाच सांगायचं, अडलं की लगेच विचारायचं. वरिष्ठांना त्याची कटकट वाटत नाही. दोन दिवस काहीच कळवलं नाही तर मात्र ते काळजीत पडतात. माझ्या शेजारी व्हिएतनामची एक इंटर्न बसायची. ती रोज निघण्याआधी मेंटरला तीन ओळी पाठवायची: आज काय केलं, कुठे अडलं, उद्या काय करणार. तिचं बघून मीही तेच सुरू केलं. मला एका फॉर्मचं टेस्टिंग दिलं होतं. एका संध्याकाळी लिहून विचारलं, जन्मवर्षाच्या रकान्यात ही वेगळीच वर्षं कसली? दुसऱ्या दिवशी टेबलावर मेंटरने हाताने काढलेला तक्ता होता: हेइसेई १५ म्हणजे २००३, रेइवा १ म्हणजे २०१९. सम्राट बदलला की तिथे वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते. तो तक्ता पुढे सरकारी कचेरीतले फॉर्म भरतानाही उपयोगी पडला. बरेच जण इंग्रजी बोलायला बिचकतात, पण लिहिलेलं नीट वाचतात. म्हणून लिहून विचार, रोज विचार.

आता गर्दी. शिंजुकू हे जगातलं सगळ्यात वर्दळीचं स्टेशन, रोज तीस लाखांच्या आसपास प्रवासी आणि बाहेर पडायला दोनशेहून जास्त वाटा. पण आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्यासारखी रेटारेटी आणि गलका तिथे नसतो. सगळे रांगेत, आणि डब्यात फोनवर कुणी बोलत नाही. गाडीतून उतरण्याआधीच कुठल्या एक्झिटने बाहेर पडायचं ते ठरव, मग पिवळ्या पाट्या बघत चाल. जपानी वाचता आलं नाही तरी अडत नाही, कारण स्टेशनांना नंबर आहेत: यामानोते लाइनवर शिंजुकू १७, शिबुया २०. शिवाय ही लाइन गोल फिरते, पूर्ण फेरी साधारण तासाभराची. उलट्या दिशेच्या गाडीत बसलीस तरी उशिरा का होईना, पोचशील. चुओ, साइक्यो अशा काही लाइनींवर सकाळी महिलांचा राखीव डबा असतो, तो नक्की बघून ठेव.

जेवणाचं मात्र आधीपासून बघावं लागतं. भाजीचं दिसणारं सूपसुद्धा बहुतेक वेळा माशाच्या अर्कावर केलेलं असतं, म्हणून 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'मांस, मासे, माशाचा अर्क चालत नाही' असं कुणाकडून तरी जपानीत लिहून घे आणि फोनमध्ये ठेव. पहिल्या आठवड्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर ने. साधं दही तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतं. दह्यात भाकरी कुस्करून वर चटणी घेतली की रात्रीचं जेवण झालं. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं मात्र बॅगेत टाकू नकोस, विमानतळावर अडवतात.

जूनमध्ये तिथे पावसाळा असतो. आपल्या बेचाळीस अंशांची सवय तिथे कामाला येत नाही, कारण हवा दमट, अंगाला चिकटणारी, आणि कपडे वाळत नाहीत. आई आपला जाडजूड सोलापुरी टॉवेल बॅगेत घालेलच. तो राहू दे, दोन पातळ पंचे ने.

सरकारी काम एकच, पण चुकवायचं नाही: विमानतळावर रेसिडन्स कार्ड, म्हणजे तिथे राहण्याचं ओळखपत्र, मिळेल. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्डाच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. आरोग्य विम्याचं तिथेच विचार. बँक खात्याला वेळ लागू शकतो, म्हणून स्टायपेंड कसा मिळणार ते कंपनीला आत्ताच मेल करून विचार आणि महिनाभर पुरतील एवढे येन जवळ ठेव. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते घरमालकाकडून लिहून घे.

दुसऱ्या आठवड्याच्या आसपास फार एकटं वाटतं. नवेपणा सरलेला असतो आणि ओळखी झालेल्या नसतात. तेव्हा तोझाई लाइनने निशिकासाईला जा. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, डाळी-पिठाची दुकानं आहेत. २०१९ मध्ये त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून गेलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. टोकियो मराठी मंडळही आहे, जाण्याआधीच त्यांना लिहून ठेव.

घरी फोन रात्री नऊला कर, तेव्हा सोलापुरात साडेपाच, चहाची वेळ असते. आणि भूकंपाबद्दल आईवडिलांना आधीच सांगून ठेव. छोटे धक्के तिथे नेहमीचे आहेत, फोनवर इशारा येतो. इथे टीव्हीवर बातमी लागली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून धक्का बसला की आधी 'मी ठीक आहे' एवढा मेसेज टाक.

ऑफिसचं आणि राहण्याचं स्टेशन कळलं की इथेच लिही, गाडी कुठे बदलायची ते सांगते.