आधी फोटॉन मोज

सोलापूर, एप्रिल

चि. बाळ,

तुझ्या क्ष-किरण दुर्बिणीच्या उपग्रहाचं चित्र मन लावून बघितलं. सौर पंख, अँटेना, सगळं सुबक काढलंस. पण दुर्बिणीच्या तोंडाशी नुसतं ‘आरसा’ लिहिलंस, आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, किती येणार हे कुठेच नाही. बाबांना विचार, ताण्याच्या धाग्यांचा हिशोब केल्याशिवाय ते मागावर बीम चढवतात का?

क्रॅब तेजोमेघ हा क्ष-किरणांतला अतिशय तेजस्वी स्रोत. तरी 2 ते 10 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप) या पट्ट्यात त्याचे चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला जेमतेम तीन फोटॉन येतात. तुला बघायचं ते कृष्णविवर त्याच्या हजारपट मंद असेल, तर पाच-सहा मिनिटांनी एक! आणि वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, फोटॉन टिपणाऱ्या डिटेक्टरवर सतत आदळत असतात. डिटेक्टर मोठा केलास की हा कचराही वाढतो. म्हणून गोळा करायचं मोठ्या क्षेत्रावर आणि टिपायचं इवल्याशा चिपवर, आरसा त्यासाठी.

मात्र समोरून आलेला क्ष-किरण आरशात जिरतो. पृष्ठभागाला अंशभर कोनात घासून गेला, तरच वळतो. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरण दुर्बिणीत म्हणूनच सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकात एक बसवलेत, तब्बल 40 कवचं. 2015 साली त्याला 650 किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी फक्त 6 अंश कललेल्या कक्षेत सोडलं, तेही कचरा कमी ठेवायच्या याच हिशोबातून. दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा पट्टा खाली झुकतो. त्याच्या दाट भागातून जाणं त्यामुळे टळतं.

आता माझी एक चूक सांगतो. तुझ्या वयाचा होतो. लोह-55, म्हणजे ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण देणारं किरणोत्सारी लोखंड, समोर ठेवून डिटेक्टर तपासत होतो, वर्णपटातली त्याची 5.9 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा काही केल्या स्वच्छ दिसेना. दोन आठवडे इलेक्ट्रॉनिक्स उसवलं. एका रात्री खोलीतला दिवा गेला आणि रेषा लख्ख उभी राहिली. चिपपुढच्या, साधा उजेड अडवणाऱ्या पातळ गाळणीला टाचणीएवढं भोक होतं, उजेड आत शिरत होता. ही चिप साधा प्रकाशही पकडते गं! उड्डाणाच्या हादऱ्यात ती गाळणी फाटू शकते. तिच्या आधाराची जाळी आणि दुर्बिणीचं झाकण आत्ताच चित्रात घे. चिप उणे 80 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावी लागेल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरची जागाही.

रविवारी ये. चित्र राहू दे, कोष्टक आण: तुझा स्रोत, आरशाचं क्षेत्रफळ, एका दिवसात येणारे फोटॉन आणि त्यातला कचरा. आकडा लहान आला तरी तसाच लिही, खोडू नकोस.

तुझे,
सर