वाढई हिंदीतून आलेला नाही

हिंगणघाटकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी घडवणाऱ्या कारागिराचा सत्कार ठेवला आहे. गावात सुताराला वाढई म्हणतात. पुण्याचे पाहुणे म्हणाले, हा हिंदीतला 'बढई' झाला, पत्रिकेत 'काष्ठशिल्पकार' छापा. खरं काय? आणि नंदी 'कोरला' लिहावं की 'घडवला'?

वाढईच छापा, ताई. विदर्भातला शब्द ओळखीचा वाटला नाही की त्याच्यावर हिंदीचा शिक्का मारायचा, ही खोड मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे, आणि इथं ती साफ चुकीची आहे. संस्कृतात वर्धकि, प्राकृतात वड्ढइ. मराठीनं जोडाक्षर सोडून आधीचा स्वर लांबवला, वाढई झाला. हिंदीनं व चा ब केला आणि स्वर ऱ्हस्वच ठेवला, बढ़ई झाला. आपलं वाढणं आणि त्यांचं बढ़ना ही जोडी अशीच तयार झाली. वाघ-बाघ, वीस-बीस सगळ्यांना माहीत आहेत. हिंदीतून उचलला असता तर आपणही बढईच म्हटलं असतं. हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, कुणी कुणाचा बाप नाही.

सुतार म्हणजे सूत्रधार, लाकडावर रेघ मारायचं सूत धरणारा. हे बहुतेकांना ठाऊक असतं. अमरकोशात तक्षा, वर्धकि, त्वष्टा, रथकार अशी नावं शेजारीशेजारी येतात. त्यातला तक्ष आपल्या 'तासणे'मध्ये जिवंत आहे. वाकसानं ओंडका तासताना वाढई रोज तो शब्द वापरतो.

आता वर्धकि. मयमत या शिल्पग्रंथात चार कारागीर सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. तक्षकानं तासलेली लाकडं एकावर एक रचून 'वृद्धी' करतो तो वर्धकी, अशी फोड तिथं दिली आहे. पुष्कळ विद्वान ती जशीच्या तशी उचलतात. मला ती मुळीच पटत नाही. शब्दाचा मूळ अर्थ विसरला गेल्यावर ओळखीच्या 'वाढ'शी लावलेली ती जोड आहे. धातुपाठ म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी; तिच्या दहाव्या गणात स्वच्छ लिहिलं आहे: वर्ध, छेदन-पूरणयोः. कापणं आणि भरणं! संस्कृत कोशांत 'वर्धापन'चा एक अर्थ नाळ कापणं असा आहे. आपण संस्थांचे वर्धापनदिन साजरे करतो, त्या शब्दातही ही कात्री दडलेली आहे. छेदन आणि पूरण ही दोन्ही कामं एका धातूत कशी, असा प्रश्न पडत असेल तर सागाचा नंदी होताना जाऊन बघावा. नंदीचे पाय पाटात बसवायचे तर पाटाला पटाशीनं खाच पाडायची आणि पायाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढून तो खाचेत ठोकायचा. एकीकडं कापायचं, दुसरीकडं भरायचं. वैयाकरणाला जे दोन अर्थ दिसतात, ते सुताराच्या हातात एकच काम असतं.

याच धाग्यावर माझं एक ठाम मत आहे. आपण नारळ 'वाढवतो'. कोशकार सांगतात की फोडणं अशुभ वाटतं म्हणून उलटा शब्द वापरला. दिवा वाढवणं, बांगडी वाढवणं याबाबत मी ते मान्य करतो, कारण विझणं आणि फुटणं या दोन्हींत खरोखर अशुभाची भीती आहे. पण नारळ फोडणं हे मुळातच मंगल कृत्य आहे. नव्या घराचा, नव्या गाडीचा आरंभच त्यानं होतो. तिथं लपवायचं काय? माझ्या मते 'नारळ वाढवणे' म्हणजे छेदनाचा तोच जुना वर्ध्, कर्मकांडाच्या भाषेत टिकून राहिलेला. पुढं लोकांना हा अर्थ परका झाला आणि दिवा-बांगडीच्या पंगतीत नारळही बसवला गेला. 'शुभभाषण' एवढं एकच उत्तर प्रत्येक 'वाढवण्या'ला चिकटवणं हा शुद्ध आळस आहे. दिव्याचं वाढणं आणि नारळाचं वाढणं यांच्या नोंदी कोशात वेगवेगळ्या हव्यात.

कोरला की घडवला? बारीक नक्षी कोरतात, अख्खा नंदी घडवतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात माणसापेक्षा उंच नंदी निघतात, त्यांना कुणी 'कोरलेले' म्हणत नाही.