आलेख न काढता दोन रेषांचा छेदनबिंदू कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की २क्ष + ३य = ७ आणि क्ष − २य = १ या रेषा कुठे छेदतात ते आलेखावरून नीट वाचता येत नाही, मग बीजगणिताने कसं काढायचं. आलेखावर नाहीच येणार हो, उत्तर अपूर्णांकात आहे, छेदात ७, पट्टी कितीही नेमकी धरली तरी अंदाजच.

मी रत्नागिरीत दहावीच्या शिकवण्या घेतो, इथल्या पोरांना आधी पेट्यांचा हिशोब घालतो. समजा वाशीला आंबा न्यायला दोन टेम्पोवाले आहेत (आकडे माझ्या मनाचे, या भाड्यात कोण नेणार नाही), एक म्हणतो ९०० फिक्स आणि वर पेटीमागे ६०, दुसरा म्हणतो फिक्स वगैरे काय नाय, पेटीमागे ७५ द्या. मग किती पेट्यांना दोघांचं भाडं सारखं? पोरं वही न उघडता ९०० ला १५ ने भागून ६० सांगतात. म्हणजे क्ष पेट्या आणि य भाडं धरलं तर नकळत ९०० + ६०क्ष = ७५क्ष सोडवलं, छेदनबिंदूवर दोन्ही रेषांचा य एकच असतो एवढ्या एका गोष्टीवर. बिंदू आला (६०, ४५००). ६० च्या आत दुसरा परवडतो, वर गेलं की पहिला.

आता तुमचं. दुसऱ्यातून क्ष = २य + १, ते पहिल्यात टाका, २(२य + १) + ३य = ७. इथे कंस सोडताना २ ने त्या १ ला पण गुणायचं, निम्मे मार्क इथेच जातात. ७य = ५, म्हणून य = ५/७ आणि क्ष = १७/७. ताळा पहिल्या समीकरणात घ्या, ३४/७ + १५/७ = ४९/७ = ७, बरोबर. दुसऱ्यात ताळा घेऊन काही कळत नाही, क्ष त्यातूनच काढलाय तर ते बसणारच.

पुस्तकात क्रेमरची निश्चयक पद्धत पण आहे, फास्ट आहे, पण मी ती नंतरच शिकवतो. तुमच्या गणितात निश्चयक, म्हणजे क्ष-य समोरच्या आकड्यांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, २×(−२) − ३×१ = −७ येतो, छेदातला ७ तो हाच. तो शून्य आला की रेषा एका बिंदूत छेदतच नाहीत. म्हणजे पहिल्या टेम्पोवाल्याने पण पेटीमागे ७५ च लावले तर क्ष उडून जातो आणि ९०० = ० असलं काहीतरी उरतं, रेषा समांतर, तो कायम ९०० नी महागच. आणि ० = ० उरलं तर दोन रेषा नाहीतच, एकच रेष दोनदा लिहिलीय.