नॉलेज मॅनेजमेंट सिस्टम यशस्वी झाली की नाही, हे आकड्यांत कसं दाखवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कामाची माहिती आणि अनुभव साठवून सगळ्यांना शोधता येईल अशी सिस्टम कंपनीत बसवून वर्ष झालं, फायलींचा ढीग चढला, लॉगिनही होतात, तरी मालक विचारतात की फायदा काय झाला. मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स आणि ट्रेनिंग बघतो, म्हणून उत्तर शॉप फ्लोअरवरून देतो.

फायलींचा आकडा आधी बाजूला ठेवा. त्यातून साठा कळतो, वापर कळत नाही. आणि दरमहा प्रत्येकाने इतक्या नोंदी टाकायच्या असं टार्गेट दिलंत, तर लोक मॅन्युअलच्या पानांचे फोटो काढून टाकतात. लॉगिनचंही तेच.

माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: तीच अडचण दुसऱ्यांदा आली, तेव्हा काय झालं? समजा पीव्हीसी पाइपवर तपकिरी रेघ यायला लागली. डायमध्ये, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्यात, कुठेतरी माल अडकून जळतोय, किंवा मशीनच्या एखाद्या झोनचा (तापवणाऱ्या भागाचा) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, चुकीचं तापमान दाखवतोय. नवा ऑपरेटर सगळ्याच झोनचं तापमान कमी करत बसतो आणि तोवर स्क्रॅप, म्हणजे वाया जाणारा माल, पडत राहतं. जळलेला माल दळून पुन्हा वापरता येत नाही, तो सरळ तोटा. जुने जाणते नाना मात्र आधी कोणता झोन तपासायचा हे रेघ बघून सांगतात. ती जाण सिस्टममध्ये उतरली का, हे मोजायचं असेल तर ब्रेकडाउन रजिस्टरमध्येच रकाने वाढवा: लाइन किती मिनिटं बंद होती, स्क्रॅप किती किलो पडलं, आधीची नोंद पाहिली का, तिचा उपयोग झाला का, आणि शेवटी फोन कुणाला करावा लागला. रात्रपाळीतून नानांना जाणारे फोन कमी झाले आणि लाइनही लवकर सुरू व्हायला लागली, तर सिस्टम कामाची आहे. फोन कमी झाले पण स्क्रॅप वाढलं, तर लोक विचारायचंच सोडून अंदाजाने काम करताहेत. म्हणून हे दोन्ही आकडे नेहमी शेजारी ठेवून वाचा.

तुलना करताना महिना सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, कूलिंग टँकचं पाणी थंड ठेवणंच अवघड होतं, पाइपची गोलाई बिघडते. त्यात मृगबागेच्या, म्हणजे जून-जुलैतल्या, केळी लागवडीआधी पाइपची मागणी वाढलेली, लाइन दिवसरात्र चालू. असा मे महिना डिसेंबरशी ताडून पाहिला तर चांगली सिस्टमही नापास ठरेल. मेची तुलना मागच्या मेशीच करा.

दुसरी जागा म्हणजे सर्चचा लॉग. कुणी काय शोधलं आणि काहीच सापडलं नाही, याची यादी दर आठवड्याला काढा. त्या यादीत कारखान्याला नेमकं काय माहीत हवंय ते सरळ दिसतं, आणि ती आखूड होत गेली तर प्रगती आहे. माझा सगळ्यात जास्त विश्वास या यादीवर आहे. समाधानाचे सर्व्हे घ्या हवं तर, पण साहेब समोर असताना कुणी वाईट लिहीत नाही.

चौकट हवी असेल तर माहितीच्या सिस्टमचं यश मोजायचं डेलोन आणि मॅक्लीन या अभ्यासकांचं 1992 चं मॉडेल पाहा. 2003 साली त्यांनी ते सुधारलं. सिस्टमचा दर्जा, माहितीचा दर्जा, सेवेचा दर्जा, वापर, समाधान आणि निव्वळ फायदा अशा बाजू त्यात आहेत. जेनेक्स आणि ऑल्फमन यांनी ते ज्ञान व्यवस्थापनासाठी पुढे नेलं. मालकांना मात्र फक्त शेवटची बाजू दाखवा.

झेरॉक्स कंपनीचं 'युरेका' हे उदाहरणही अभ्यासण्यासारखं आहे. तिथे 1990 च्या दशकात दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ आपापल्या युक्त्या नोंदवत, इतर तंत्रज्ञ त्या तपासत, आणि युक्तीवर देणाऱ्याचं नाव राही. आपल्याकडेही नोंदीवर नानांचं नाव असू द्या, आणि ती नोंद किती वेळा कामी आली हे त्यांना कळू द्या. मग ते पुढची नोंद स्वतःहून सांगतात. लिहायचा कंटाळा असेल तर अहिराणीत बोललेली व्हॉइस नोट घ्या, टायपिंग ट्रेनीकडून करून घ्या.

रुपयांचा हिशोब मांडताना वाचलेलं स्क्रॅप आणि वाचलेला बंद वेळ एवढंच धरा. त्याच वर्षात नवा डाय किंवा पाणी थंड करणारा नवा चिलर आला असेल तर ती लाइन हिशोबातून वगळा, आणि वगळल्याचं मालकांना आधीच सांगा. आकडा लहान दिसेल, पण पुढच्या वर्षी बजेट मागताना तोच टिकेल.